एकदा पडलेलं विमान

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही धड वस्तू विकत घेतलेली नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या बहुतेक खरेद्यांना मी जातीनं हजर होतो आणि प्रत्येक वेळी "घेऊ नका" असं स्वच्छ मराठीत सांगून परत आलेलो आहे. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लासुर्ण्याला त्यांचा उसाचा मळा आहे, विहिरीला पाणी आहे, गोठा भरलेला आहे, माणूस दिलदार आहे; पण त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं की वाटतं, इंदापूर तालुक्यातले सगळे अपघात फिरून फिरून शेवटी इथंच मुक्कामाला आले असावेत. ट्रॅक्टर कालव्यात उलटलेला. जीप भिगवणच्या रस्त्यावर पलटी झालेली. तिची उजव्या बाजूची दारं तेव्हापासून उघडत नाहीत, म्हणून चालवणाऱ्यासकट सगळं कुटुंब डावीकडून चढतं आणि साडू गिअरवरून पाय टाकत, पायजमा सावरत आपल्या जागेवर सरकतात. पाण्याची मोटर विहिरीत पडून गाळातून वर काढलेली. शिलाई मशीन कुणाच्या तरी माडीवरून घसरलेलं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा पडलेलं आहे. ते सहा वाजले की थोडा वेळ विचार करतं आणि मग पुढे जातं. पाहुणा आला की इतर लोक चहा विचारतात, साडू आधी पोचे दाखवतात. हा कुठल्या वळणावरचा, हा कुठल्या खांबाचा, अशी हात लावून साग्रसंगीत ओळख करून देतात. पोचा काढून घ्यावा, वर रंग मारावा, हे त्यांच्या मनातही येत नाही.

यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरून कुणाची सुटका होत नाही. "पाव्हणं, नवी वस्तू म्हंजे नवा जावई. कवा रुसंल, कुठं अडंल, काय नेम न्हाय. पर येकदा पडल्याली वस्तू असली, की तिला समदं कळल्यालं असतंय. ती पुन्यांदा पडत न्हाय." वस्तूला काय कळतं, असं मी विचारलं की ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. हे तत्त्वज्ञान त्यांनी लग्नातही पाळलं. आक्कांची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, आधी एकीकडे सोयरीक ठरून मोडली होती. घरातली माणसं तोंड लपवून बसलेली असताना हे गृहस्थ आपण होऊन चालत आले आणि आमच्या सासऱ्यांना म्हणाले, "येकदा मोडलंय न्हवं? मंग आता मोडायचं न्हाय." आक्का ही गोष्ट अजून सांगतात, रागानं सुरुवात करतात आणि शेवटी पदर तोंडाला लावतात. लग्न मोडलं नाही हे खरंच आहे. पण एका लग्नाच्या जोरावर माणसानं उलटलेले ट्रॅक्टर घेत सुटावं का, एवढंच माझं म्हणणं.

माझा या सगळ्याशी संबंध असा, की मी विमा कंपन्यांसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या तपासत असे. गाडीखाली आडवं व्हायचं, बॅटरी मारून बघायचं, काय मोडलं आणि काय वाचलं ते लिहून द्यायचं. निवृत्त होऊन इंदापुरात घर बांधलं, पण साडूंच्या लेखी मी अजून नोकरीतच आहे. कुठलीही मोडकी वस्तू बघायला निघाले की ते मला जीपमध्ये घालतात. माझा सल्ला घ्यायला नव्हे. मी "नको" म्हणालो की त्यांचं पक्कं होतं. एकदा तर त्यांनी माझ्यासमोरच विकणाऱ्याला सांगितलं, "पाव्हण्यांनी नको म्हनलं, म्हंजे माल खरंच पडल्याला हाय. नायतर हल्ली लोक नवीच वस्तू पडल्याली म्हनून गळ्यात मारत्यात." उभ्या आयुष्याच्या अनुभवाची अशी वासलात लागलेली पाहिली की माणसानं करायचं तरी काय? मी हात टेकले. तरी ते बोलावतात आणि तरी मी जातो.

पणदऱ्याच्या म्हशीचं सांगतो. ती विहिरीत पडली होती आणि दोर लावून तिला वर काढली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी अर्थातच "नको" म्हणालो आणि अर्थातच म्हैस लासुर्ण्याला आली. दूध भरपूर देई, पण पाण्याजवळ जाईना. हौदाकडे नेली की चारी पाय रोवून उभी राही, बादली पुढे केली तरी मान फिरवून घेई. म्हैस असून पाण्याला भिणारी म्हैस बघायला लोक कन्हेरीपासून येऊन गेले. साडू म्हणायचे, "भ्याली न्हाय ती. शानी झालीय." आणि मग हा माणूस रोज उन्हात तिच्यापुढे उकिडवा बसायचा, घमेल्यात थोडं पाणी घ्यायचा आणि ओंजळीनं तिच्या तोंडाला लावायचा. माझ्याशी साखर कारखान्याच्या राजकारणावर तावातावानं बोलता बोलता ओंजळी भरत राहायचा. ती पिईपर्यंत उठायचा नाही. मी तेव्हा पोट धरून हसायचो.

साडूंना एकच मुलगी, ऋतुजा. लहानपणापासून तिचं लक्ष वर. बारामतीकडून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं आमच्या भागावरून घिरट्या घालत जातात. उसाला पाणी देताना बाकी कुणी मान वर करत नाही. ही पोरगी मात्र पाटाची दारं धरायची सोडून आभाळाकडे बघत उभी राहायची आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात जायचं. बारावीनंतर तिनं वैमानिक व्हायचं म्हटलं तेव्हा आक्का रडल्या. साडूंनी फक्त विचारलं, "पडत्यात का गं ती?" ती म्हणाली, "क्वचित." "मंग शीक," म्हणाले. रस्त्याला गेलेल्या जमिनीचा मोबदला आला होता, त्यातून तिला लांब दुसऱ्या राज्यात शिकायला घातलं. ती पहिल्यांदा एकटी विमान घेऊन वर गेली आणि नीट खाली आली, त्या दिवशी साडूंनी कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती तिथं जाऊन पेढे वाटले. माणसांना वाटले आणि बैलांनाही वाटले.

पुढे एकदा उतरताना तिचं विमान धावपट्टीवर आदळलं, उसळलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक घासत ते गवतात जाऊन थांबलं. तिला खरचटलंही नाही. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. ती सुट्टी म्हणून घरी आली ती परत गेलीच नाही. आम्ही देवाला नारळ फोडला आणि मग आपल्याकडे जे करतात तेच केलं, विषय बंद केला. आक्कांनी सगळ्यांना बजावलं, "घरात इमानाचं नाव काडायचं न्हाय. पोरीला आठवण नको." तिच्या भल्यासाठी आम्ही असे काही गप्प बसलो, की जणू ती कधी कुठं गेलीच नव्हती. ती इंदापुरात एका क्लासमध्ये गणित शिकवू लागली आणि आमच्याकडेच राहू लागली. हसायची, मावशीला भाजी चिरून द्यायची, माझ्या चष्म्याची काच पुसून द्यायची. फक्त वरून विमानाचा आवाज आला की उठून टीव्ही मोठा करायची. इतकंच. सगळा जन्म मोडलेल्या गाड्या बघण्यात घालवलेला मी, पण त्या टीव्हीच्या आवाजापुढे मला काही सुचत नसे. एक तरुण मुलगी आमच्या डोळ्यांदेखत दिवसेंदिवस विझत चालली होती आणि आम्ही तिला थालीपीठ घेतेस का म्हणून विचारत होतो.

साडूंचा फोन आला तो अशातच.

"पाव्हणं, आयतवारी मोकळं हाय न्हवं? येक इमान बगाय जायचंय."

कसलं विमान, म्हणून मी विचारलं.

"दोन मानसांचं. बारामतीला शेडमदी हुबं हाय. मालक कर्नाटकातला हाय, त्येला आता नको झालंय."

"साडूभाऊ, विमान म्हणजे..."

"हार्वेस्टरपरीस स्वस्त पडतंय. आन् हार्वेस्टर उडत न्हाय."

मी भीत भीत विचारलं, "पडलेलं आहे का?"

फोनमध्ये ते असे खुलले की मला त्यांचं हसू दिसलं. "मंग! नाकावर पडलंय. उतरताना पुढलं चाक मोडलं, आगदी आपल्या ऋतूवानी. म्हनून तर घ्यायचं. ती येकदा पडली, ते येकदा पडलं. दोगं बी शानी झाल्याली. आता दोगं मिळून कशी पडतील? तिला दावणीलाच इमान असलं की बसंल हळूहळू."

मी फोन ठेवला. ट्रॅक्टर, जीप, म्हैस इथवर ठीक होतं. आता या तत्त्वज्ञानात हा माणूस आपली एकुलती एक मुलगी बसवून तिला आभाळात पाठवायला निघाला होता. आणि ते सगळं मायेपोटी, हे त्यातलं सर्वांत वाईट. घरातली ती शांतता त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त टोचत होती, पण बोलायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. वस्तू विकत घेणं तेवढं ठाऊक होतं. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तिथं जाऊन नको म्हणू नका हं. म्हणालात की घेतलंच त्यांनी."

"मग काय म्हणू?"

"ते तुम्ही बघा," म्हणाली आणि देवापुढे दिवा लावायला गेली.

रविवारी जीप दारात आली. ऋतुजाला "बारामतीला काम हाय, चल, तुला कापडं घिऊ" म्हणून मागे बसवलं. वाटेत लासुर्ण्याला रस्त्याकडेच्या आपल्या शेताशी साडूंनी जीप हळू केली. तिथला ऊस तुटून गेला होता. आमच्याकडे ऊस तुटला की त्याच बुडख्यांवर पुढचा खोडवा राखतात. साडूंनी खोडवा मोडून, रोलर फिरवून, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लांबच लांब पट्टी सपाट केली होती आणि दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. उभ्या उसात ती तेवढीच उघडी दिसत होती. गावानं तिचं नाव एअरपोर्ट ठेवल्याचं मला आधीच कळलं होतं.

"अहो, याला परवानगी लागते," मी हळूच म्हणालो. "असं कुणाच्याही रानात विमान उतरवत नाहीत."

"कालव्यात जायाला ट्रॅक्टरनं कुनाची परवानगी काडलीवती?" ते म्हणाले.

आरशात मला ऋतुजा दिसत होती. ती त्या चुन्याच्या रेघांकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. बारामतीला विमानतळाच्या शेडपाशी जीप थांबली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी बसते इथेच."

विमान दाखवायला पुण्याहून एक दलाल आला होता. डोळ्यांवर गॉगल, पायांत पांढरे बूट आणि प्रत्येक वाक्याला 'सर'. विमान छोटंसं, पांढरं, अंगावर निळा पट्टा. नाकाला ताजा रंग दिलेला. तो रंग पाहून साडू पहिल्यांदा थोडे हिरमुसले, पोचा बुजवला होता ना. पण मग कामाला लागले. आमच्याकडे जनावर घ्यायची एक रीत आहे आणि खरेदीची दुसरी कुठलीच रीत साडूंना माहीत नाही. आधी विकणाऱ्यानं आपण होऊन जनावराची खोड सांगायची. मारतं का, लाथ झाडतं का, कामात बसतं का. मग त्याची चाल बघायची. मग उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे चारचौघांना कळत नाही. साडूंनी विमानाला एक फेरी घातली, वाकून त्याच्या तोंडात पाहिलं, शेपटी धरून हलवली, मागे सरून त्याचा बांधा न्याहाळला आणि समाधानानं मान डोलावून दलालाच्या हातावर उपरणं टाकलं. आत दोन बोटं दाबली मात्र, दलालाला वाटलं यांना चक्कर आली. तो त्यांना दोन्ही हातांनी सावरत ओरडला, "सर, बसा, बसा! अरे, पाणी आणा कुणीतरी!"

गैरसमज मिटल्यावर साडू म्हणाले, "भावाचं मागनं बगू. आदी खोड सांगा."

खोड म्हणजे काय ते मी दलालाला समजावलं. तो म्हणाला, "सर, आम्ही काही लपवत नाही. उतरताना पुढचं चाक मोडलं आणि नाकावरचा पंखा जमिनीला लागून वाकला. पंखा नवीन टाकलाय, चाक नवीन टाकलंय. त्यानंतर मालकांनी फारसं उडवलं नाही. उडण्याचा परवाना संपलाय, तो तुम्हाला नव्यानं काढावा लागेल. बाकी एकदम फर्स्ट क्लास."

"बगा पाव्हणं," साडू खूश झाले, "सोताहून सांगितलं. मानूस सरळ हाय." आणि मग ते माझ्याकडे वळले. "तुमी काय म्हंता?"

ही वेळ येणार हे मला ठाऊक होतं. रात्रीपासून मी त्याच विचारात होतो. नको म्हणालो तर सौदा इथल्या इथं पक्का. जीपमध्ये ती मुलगी बसलेली. मी मनाचा हिय्या केला आणि इतक्या वर्षांत कधी न उच्चारलेला शब्द उच्चारला. "घ्या," म्हणालो.

साडू माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. "पाव्हण्यांना पटलं," ते दलालाला सांगू लागले. "आवं, ह्या मानसानं जल्मात कशाला घ्या म्हनलं न्हाय. आन् आज म्हनला. आता कसं सोडायचं?" त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मला ते विमान दिसत होतं. या माणसापुढे कुठलंच उत्तर बरोबर नसतं, हे मला इतक्या उशिरा कळावं याचं मला रडू येत होतं.

"चाल दावा," साडू म्हणाले.

शेडमधल्या मेकॅनिकनं इंजिन सुरू केलं. पंखा फिरला, दिसेनासा झाला, शेडचे पत्रे थरथरले. विमान थोडं पुढे सरकलं, वळलं, मागे आलं. साडू बैलाच्या चालीवर डोलावं तसे डोलत होते. एवढ्यात जीपचं दार वाजलं. ऋतुजा खाली उतरली होती आणि चालत येत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, हातातली ओढणी तिनं मुठीत आवळून धरली होती, पण ती चालत येत होती. विमानापासून काही अंतरावर थांबली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "बंद करा."

मेकॅनिकनं खरोखरच बंद केलं. तिचा तो आवाज आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता.

"पंखा जमिनीला लागला तेव्हा इंजिन चालू होतं?" तिनं दलालाला विचारलं.

"हो मॅडम, उतरतानाच झालं ना ते."

"मग नंतर इंजिन उघडून पाहिलं?"

"मॅडम, इंजिन मस्त चालतंय. आत्ताच ऐकलंत."

"उघडलं का?"

"नाही," दलाल म्हणाला. "गरज वाटली नाही. बाहेरून काही झालेलंच नव्हतं."

"आगं, पंखा नवा टाकलाय की," साडू मध्ये पडले. "चाक बी नवं हाय."

"आप्पा, पंखा एकदम अडतो, पण आतला दांडा जोरात फिरत असतो. सगळा हिसका आत बसतो. आत बारीकशी चीर पडली तर ती बाहेरून दिसत नाही. आवाजही बदलत नाही. रोजच्यासारखं चालत राहतं. आणि सगळे म्हणतात, बघा, काही झालं नाही." तिनं विमानाच्या नाकाकडे बोट केलं. "ते उघडून बघावं लागतं, आप्पा. पडलं म्हणून कुणी शहाणं होत नाही."

साडूंनी त्या रंगवलेल्या नाकावर तळहात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे मुका मार."

ज्यांनी जनावरं सांभाळली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बैल खड्ड्यात पडतो, उठतो, अंग झाडतो, वैरण खातो, औताला चालतो. कातडीवर खूण नसते. आणि एक दिवस चालता चालता नांगराच्या तासात बसतो तो उठत नाही. याला मुका मार म्हणतात. म्हणून जाणती माणसं पडलेल्या जनावराला नुसतं बघत नाहीत. त्याच्या कुशीवर हात ठेवून, आपण गप्प राहून, कुठं हात गेल्यावर ते शहारतं ते शोधतात. आमचे साडू यात एवढे पटाईत, की पंचक्रोशीत कुणाचा बैल पडला की त्यांना बोलावणं येतं. आणि त्याच माणसाला स्वतःच्या घरात हे आठवलं नव्हतं.

"व्हय," ऋतुजा म्हणाली. एरवी ती असं बोलत नाही. "मुका मार."

साडू विमानाकडून वळले. उपरणं खांद्यावरून खाली घसरलं होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. ते तिच्याजवळ गेले आणि तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, हळूच हात ठेवला.

"आन् तुला गं?" ते म्हणाले. "तुला लागलं व्हतं का?"

"लागलं होतं, आप्पा," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही."

मी बाजूला झालो, पण फार लांब जाववलं नाही. ती विमानाच्या पसरलेल्या पंखाखाली, सावलीत बसली आणि बोलू लागली. जमीन कशी एकदम अंगावर आली, ते उसळणं अजून कसं अंगात आहे, वर्गात फळ्याकडे वळलं की पायाखालचं कसं सरकतं, आणि घरी आल्यावर सगळे इतके आनंदात होते, की आपण तुटलोय हे कुणाला सांगायचं तेच तिला कळलं नाही. बोलता बोलता रडत होती, रडता रडता पुन्हा सांगत होती. आणि आमचे साडू, ज्यांनी हयातीत कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही, ते तिच्यापुढे उकिडवे बसले होते आणि ऐकत होते. म्हशीपुढे बसायचे अगदी तसे. तिचं पुरतं बोलून होईपर्यंत ते उठले नाहीत.

मग दलालाला म्हणाले, "इंजान उगडून दावा, मंग बगू." दलाल म्हणाला, तो खर्च मालकाला परवडायचा नाही. "मंग न्हाय," साडू म्हणाले. पडलेल्या वस्तूला त्यांनी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी गलबलून आलं. मात्र बाजारातून रिकाम्या हातानं परतायचं नाही ही त्यांची जुनी सवय. शेडच्या कोपऱ्यात विमानाचा मूळचा वाकलेला पंखा पडला होता, तो त्यांनी मागून घेतला. मी सवयीनं "कशाला, नको" म्हणालो. तो पंखा आता लासुर्ण्याला गोठ्याच्या भिंतीवर आहे आणि पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवला जातो.

ऋतुजा परत शिकायला गेलेली नाही. जाईल असं मला मनातून वाटत नाही, आणि त्याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. क्लासमध्ये अजून गणित शिकवते. अधूनमधून पुण्याला एका डॉक्टर बाईंकडे जाऊन बोलून येते. साडू जीपनं नेतात आणि ती बाहेर येईपर्यंत फाटकापाशी बसून राहतात. टीव्हीचा आवाज आता वाढत नाही. परवा आमच्या घरावरून एक छोटं विमान गेलं तेव्हा ती गच्चीवर गेली, बराच वेळ तिथं राहिली आणि खाली येऊन मावशीला एवढंच म्हणाली, "त्याला आज वारा आडवा होता गं." मावशीनं विचारलं, मग काय करतात अशा वेळी? आणि तिनं भाजी चिरता चिरता सगळं समजावून सांगितलं.

गेल्या आठवड्यात मी लासुर्ण्याला गेलो होतो. रस्त्याकडेची ती पट्टी तशीच मोकळी पडलेली. दोन्ही बाजूंनी ऊस पुरुषभर झालेला आणि मध्ये ती ओसाड. मला राहवलं नाही. म्हणालो, "साडूभाऊ, आता विमान नाही काही नाही. लागण करून टाका की. पडीक किती दिवस ठेवणार?"

ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. तिला वर जायाचं आसंल तर जाईल, नसंल तर ऱ्हाईल. आमी काय म्हननार न्हाय. पर पोरीला कवाबी उतरायला आपल्या रानात जागा आसावी." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुमाला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न उत्तर ऐकायला म्हणून विचारलेला मला आठवत नाही. परवानगीचं माझ्या ओठांवर आलं होतं, उसाच्या भावाचं आलं होतं. पण नको म्हणवलं नाही. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या. साडू उठून चुन्याचं घमेलं घेऊन आले, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून त्या पुन्हा मारल्या.